कातडीची साक्ष

एका जंगलात एक राजा होता, आणि आपल्याला काय होतंय हे त्याचं त्यालाच कळत नसे.

हसू नका मुलांनो. तुम्हाला तरी कुठे कळतं? संध्याकाळी तुम्ही ताईच्या पाठीत धपाटा घालता, वही भिरकावता, उगाच रडता. आई लांबूनच म्हणते, "भूक लागलीय त्याला." मग तुम्ही गूळपोळी खाता आणि ताई पुन्हा चांगली वाटायला लागते. त्या राजाचंही तसंच होतं. फरक एवढाच, की तुम्ही चिडलात तर वही फाटते. राजा चिडला तर लढाई होते.

राजाचं नाव रणधुरंधर. जातीचा सिंह. आयाळ दाट, आवाज मोठा, बसायला ओढ्याकाठचा सपाट काळा खडक. त्या खडकासमोर रोज दरबार भरायचा. दरबारात सगळ्यांनी माना खाली घालून बसायची चाल होती. राजाच्या डोळ्यांत बघायचं नाही, पायाच्या नखांकडे बघून बोलायचं. ही चाल लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आणि होती येसूअक्का. म्हातारी वानरीण. एका डोळ्याने अधू, पाठीत वाकलेली. रणधुरंधराची आई तो अगदी लहान असताना गेली, तेव्हापासून तिने त्याच्या अंगावरच्या गोचिड्या काढल्या. आता तो महाराज झाला होता, पण गोचिड्या काही महाराजांना वेगळ्या होत नाहीत. रोज सकाळी दरबाराआधी येसूअक्का खडकावर यायची, गोचिड्या वेचायची, आणि वेचून झाल्या की मानेपासून शेपटीपर्यंत सावकाश हात फिरवायची.

या हात फिरवण्याची एक चाल होती. भरभर फिरवला तर गुदगुल्या होतात. फार हळू फिरवला तर अंगावर किडा चालल्यासारखं वाटतं. येसूअक्काचा हात या दोन्हींच्या मधल्या चालीने जायचा. गाय वासराला चाटते ना, तसा.

"महाराज, काल जेवला नाहीत," एके दिवशी ती म्हणाली.

"तुला कोणी सांगितलं?"

"पाठीने. गार लागतेय."

"मला तर राग आलाय, अक्का. त्या टेकडीपलीकडच्या तरसांवर स्वारी करावी असं पहाटेपासून वाटतंय."

"जरूर करा. आधी खाऊन या. मग बघू किती राग उरतो ते."

महाराज खाऊन आले. राग उरला नव्हता. आपलं अख्खं खानदान त्या दिवशी एका म्हातारीच्या तळहाताने वाचवलं, हे तरसांना कधीच कळलं नाही.

असं खूपदा व्हायचं. हात फिरेपर्यंत महाराजांच्या आत सगळं एकाच गाठोड्यात बांधलेलं असायचं, आणि त्या गाठोड्याला ते राग म्हणायचे. हात फिरला की गाठ सुटायची. ही भूक. ही झोप. हा ताप. ही भीती. ही आईची आठवण.

"काळजाला बोलता येत नाही, पोटाला बोलता येत नाही," येसूअक्का म्हणायची. "ती बापडी आतल्या आत धडपडतात. त्यांचं म्हणणं चव्हाट्यावर आणून सांगते ती कातडी. तिचं ऐकावं."

तिच्या या बोलण्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. जंगलात शांतता होती, आणि शांतता कशामुळे आहे याची चौकशी कोणी करत नाही.

मग उन्हाळा लागला. शेजारच्या रानातलं पाणी आटलं आणि तिथल्या हत्तिणी आपल्या पिल्लांना घेऊन दरबारात आल्या. चाळीस हत्तिणी. पुढे त्यांची थोरली, चंपावती. तिचं म्हणणं साधं होतं. दुपारचं तेवढं ओढ्यावर पाणी पिऊ द्यावं, पिल्लं लहान आहेत.

पण चाळीस हत्तिणी एकदम समोर उभ्या राहिल्या की सूर्य दिसेनासा होतो. महाराज खडकावर ताठ बसले होते. चेहरा गंभीर होता. आवाज खणखणीत होता. आणि अंगावर सरसरून काटा आला होता. आयाळ फुलली, पाठीचे केस उभे राहिले, कातडी थरथरली. माना खाली घालून बसलेल्यांनाही ते दिसलं, कारण पायांवरचे केससुद्धा उभे होते.

"महाराज घाबरले वाटतं," मागे बसलेला एक ससा शेजारच्याला म्हणाला. तो हळूच म्हणाला, पण शांतता इतकी होती की चंपावतीनेही ऐकलं.

"उद्या या," महाराज म्हणाले आणि दरबार उठला.

त्या दुपारी प्रधान अप्पा कोल्हे महाराजांच्या गुहेत गेले. अप्पा फार हुशार. त्यांना कधी कोणी काही काम करताना पाहिलं नव्हतं, पण प्रत्येक कामाच्या शेवटी ते तिथे हजर असायचे.

"महाराज," अप्पा म्हणाले, "तुम्ही घाबरलात यात काही वावगं नाही. घाबरणं ही आपली अंतर्गत बाब आहे. प्रश्न असा, की ती बाहेर फुटली कशी?"

"कशी?"

"आपल्यात कोणीतरी फितूर आहे."

लगेच चौकशी समिती बसली. अध्यक्ष अप्पा. सदस्य अप्पांचे दोन मेहुणे. समितीने तीन दिवस विचार केला. काळीज फितूर असेल का? नाही, ते बिचारं आत, छातीच्या पिंजऱ्यात. ते कुणाला भेटणार? पोट? तेही आत. फुप्फुसं? आत. उरली कातडी. ती ना धड आतली, ना धड बाहेरची. वाऱ्याशी बोलणं, उन्हात बसणं, येणाऱ्याजाणाऱ्याचा हात लागू देणं, असलं सगळं तिचं वागणं. तिचा एक पाय आत, एक पाय बाहेर.

अहवाल आला. आतल्या गोष्टींवर बोलण्याचा अधिकार फक्त आतल्यांना. कातडी ही बाहेरची आहे. यापुढे शरीराच्या अंतर्गत स्थितीबद्दल कातडीची साक्ष ग्राह्य धरली जाणार नाही.

"पण ती उभे राहिलेले केस, त्यांचं काय?" महाराजांनी विचारलं.

"त्यासाठी तज्ज्ञ बोलावलाय," अप्पा म्हणाले.

तज्ज्ञ म्हणजे दादासाहेब गेंडे. नदीकाठच्या दलदलीतून आले होते. जंगलात त्यांच्या कणखरपणाचा मोठा बोलबाला होता. ठिकठिकाणी त्यांची व्याख्यानं होत.

"मागच्या वर्षी माझ्या पाठीवर सागाचं झाड पडलं," दादासाहेबांनी दरबाराला सांगितलं. "मला परवा कळलं."

दरबार थक्क झाला.

"मग काय केलंत?" कोणीतरी विचारलं.

"काय करणार? तोवर झाड वाळलं होतं."

टाळ्या पडल्या. येसूअक्काने टाळ्या वाजवल्या नाहीत. तिला दादासाहेबांची एक गोष्ट माहीत होती. वरून त्यांची कातडी खडकासारखी होती, पण तिच्या घड्यांमध्ये, काखेत आणि मानेखाली, ती तान्ह्या बाळासारखी कोवळी होती. घड्यांत किडे जात आणि दादासाहेब रात्रंदिवस तळमळत. दर अमावस्येला ते चोरपावलांनी येऊन म्हणायचे, "अक्का, जरा काखेत बघतेस का? आणि बाहेर बोलू नकोस." अक्का बोलली नव्हती. ती कोणाच्याच कातडीचं गुपित बाहेर बोलत नसे.

दादासाहेबांनी लेपाची कृती सांगितली. दलदलीतला काळा चिखल, सलईचा डिंक आणि बारीक चिरलेलं गवत. तीन थर द्यायचे. प्रत्येक थर उन्हात कडकडीत वाळवायचा. डोळे, नाक आणि तोंड एवढंच उघडं ठेवायचं. मग काटा येऊ दे नाहीतर घाम येऊ दे, बाहेर काही दिसणार नाही. आणि बाहेरचं आतही काही पोचणार नाही.

पहिला लेप महाराजांना. मग प्रधानांना, मग पहारेकऱ्यांना, मग ज्यांना पुढे यायचंय त्या सगळ्यांना. पंधरा दिवसांत जंगलात उघड्या अंगाने फिरणं अडाणीपणाचं झालं. हरिणींनी पाडसांना लेप दिले. पाडसं रात्री किरकिरायची. आया चाटायच्या, पण जिभेला नुसता चिखल लागायचा आणि पाडसं गप्प व्हायची नाहीत. मग आया दादासाहेबांच्या व्याख्यानाला जाऊन बसायच्या. विषय असायचा: पाडसांना कणखर कसं करावं.

आता आतली खबर कळायची कशी? तर त्यासाठी रोज सकाळी सागाच्या पानावर अंतर्गत स्थिती अहवाल निघू लागला. काळीज: तक्रार नाही. पोट: तक्रार नाही. फुप्फुसं: तक्रार नाही. या अवयवांना लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यांच्या वतीने अप्पांचा कारकून लिहायचा. तो तित्तर होता. त्याचं अक्षर सुंदर होतं.

येसूअक्काच्या हाताला काम उरलं नाही. तरी तिचा मान राखायला हवा, असं अप्पांना वाटलं. त्यांनी तिला लेप-निरीक्षक केलं. रोज महाराजांच्या अंगावरून नजर फिरवायची, आणि कुठे तडा गेला असेल तर ओला चिखल भरून तो बुजवायचा.

"हात तोच, अक्का," अप्पा गोड हसून म्हणाले. "फक्त आता उपयोगाचं काम."

ज्या हाताने तिने पन्नास वेळा गाठ सोडली होती, त्या हाताने ती आता फटी बुजवू लागली.

‘उद्या या’ म्हणता म्हणता तीन आठवडे गेले आणि चंपावती पुन्हा आली. चाळीस हत्तिणी, पाच पिल्लं. महाराज काळ्या खडकावर काळ्या लेपात बसले होते. कुठला केस नाही, कुठली थरथर नाही.

"आज पाणी दिलं तर म्हणतील घाबरून दिलं," अप्पा कानाशी कुजबुजले.

"पाणी मिळणार नाही," महाराज म्हणाले.

हत्तिणी बघतच राहिल्या. एवढ्यात एक पिल्लू पुढे आलं. त्याला दरबाराची चाल माहीत नव्हती. त्याने आपली छोटीशी सोंड महाराजांच्या पंज्यावर ठेवली आणि थोडा वेळ तशीच राहू दिली. पूर्वी असं झालं असतं तर महाराजांच्या पोटात काहीतरी हललं असतं आणि येसूअक्काने त्याचं नाव सांगितलं असतं. आज सोंड लेपावर होती. महाराज समोर बघत राहिले.

हत्तिणी वळून निघून गेल्या. दरबारात जयजयकार झाला. लेप यशस्वी ठरला, मुलांनो. हे कबूल करायलाच हवं. चाळीस हत्तिणींना एका चिखलाने परतवलं होतं.

त्यानंतर महाराजांना कशाची चिंता उरली नाही. सकाळी उठले की ते विचारायचे, "तित्तरा, आज मला कसं वाटतंय?"

"उत्तम, महाराज."

"असं होय. मग उत्तम वाटतंय."

कधी ते दिवसातून तीनदा जेवायचे, कधी तीन दिवस जेवायचे नाहीत. अहवालात पोटाची तक्रार नसायची.

वैशाख चढला. एके दिवशी सकाळी येसूअक्काला महाराजांच्या मानेमागे एक बारीक तडा दिसला. तिने बुजवायला ओला चिखल घेतला. पण आधी, जुन्या सवयीने, करंगळी आत घातली.

चुलीवरच्या तव्याला बोट लागल्यासारखं झालं.

"महाराज," ती म्हणाली, "तुम्हाला ताप आहे."

"ताप?" महाराजांनी डोळे अर्धवट उघडले. "तित्तरा, ताप आहे का?"

तित्तराने पान उलटंसुलटं केलं. "नाही, महाराज. अहवालात नाही."

"नाही म्हणतोय, अक्का."

"आतून भाजून निघताय तुम्ही. लेपातून वाफ बाहेर पडायला जागा नाही."

"मला तर थंडी वाजल्यासारखी वाटतेय," महाराज पुटपुटले. मग म्हणाले, "आई कुठे गेली?"

येसूअक्काचा हात थबकला. एवढ्या वर्षांत महाराजांनी दरबारात कधी आईचं नाव काढलं नव्हतं. शुद्धीवर असते तर आताही काढलं नसतं.

ती अप्पांकडे धावली. अप्पा आपला लेप उन्हात वाळवत होते.

"उद्याचा दिवस निघणार नाही त्यांचा," ती म्हणाली.

"तुम्हाला कसं कळलं?"

"करंगळी लावली."

"म्हणजे कातडीला. कातडीची साक्ष चालत नाही, अक्का. नियम आहे. काळजाकडून लेखी आणा, लगेच समिती बसवतो."

"काळीज लिहील का?"

"तेच म्हणतो मी. त्याची तक्रारच नाही."

मग ती दादासाहेब गेंड्यांकडे गेली. दादासाहेब सावलीत उभे होते.

"दादासाहेब, तुम्हाला तरी माहीत आहे. तुमच्या काखेतली कातडी आठवा. ती तुम्हाला झोपू देत नाही ना? तशीच त्यांची सगळी कातडी आत ओरडतेय. लेप काढा म्हणून तुम्ही एकदा सांगा. तुमचं ऐकतील."

त्यांच्या मानेखालच्या घडीतून एक किडा बाहेर आला, फिरला आणि परत आत गेला. दादासाहेबांच्या डोळ्यांत पाणी तरारलं.

"संध्याकाळी माझं व्याख्यान आहे, अक्का," ते म्हणाले.

येसूअक्का परत फिरली. वाटेत तिने ओढ्यातून एक धारदार गारगोटी उचलली.

भर दुपारी जंगल झोपतं. खडकापाशी दोन गेंडे पहाऱ्याला होते. दोघांच्या अंगावर तीन तीन थर होते आणि दोघं आडवे पसरून घोरत होते. वाट अरुंद होती. येसूअक्का त्यांच्या अंगावरून चालत गेली. त्यांना ते परवा कळणार होतं.

महाराज खडकावर बसलेलेच होते. लेपामुळे आडवं होता येत नसे. तिने त्यांच्या पोटाखाली जाऊन ओंजळी ओंजळीने पाणी मारलं, आणि छातीपासून मागच्या पायांपर्यंत गारगोटीने एक सरळ चीर पाडली. नखं तुटली. बोटं सोलली. डिंक चिवट होता. पण नारळाची करवंटी उकलावी तसा लेप खालून उकलला आणि आतून महाराज ओघळून बाहेर आले. वाळके, ओलेचिंब, केस अंगाला चिकटलेले. नवीन जन्मलेल्या बछड्यासारखे दिसत होते.

वर लेप तसाच बसून राहिला. चार पाय, ताठ मान, फुललेली आयाळ. राजाच.

येसूअक्काने त्यांना ओढत ओढत ओढ्यात नेलं, गवताच्या आड. पाणी अंगाला लागलं तसे महाराज कळवळले. वारा लागला तसे शहारले. पाण्यात पडलेलं एक पान पायाला घासलं, तर ते दचकून मागे सरले.

"अक्का, मला काय होतंय?"

"सगळंच होतंय, बाळा," ती म्हणाली. महाराज म्हणायचं विसरली. "दोन महिन्यांचं साठलंय. रांगेत येऊ दे एकेक."

तिने हात फिरवायला सुरुवात केली. जुन्या चालीने. आधी ताप आला आणि पाण्याबरोबर उतरायला लागला. मग तहान आली. मग भूक, एवढी मोठी भूक की महाराजांना रडू आलं. मग झोप आली आणि गेली. ऊन कलायला लागलं तेव्हा महाराज एकदम म्हणाले, "अक्का, कान का तापलेत? ताप परत आला का?"

तिने कानांना हात लावला. मग कपाळाला लावला.

"कपाळ गार आहे. ताप कपाळातून चढतो. कानांतून चढते ती लाज."

महाराजांनी पंजा पाण्यातून वर काढला. थोड्या वेळाने म्हणाले, "त्या पिल्लाने मला हात लावला होता ना?"

"सोंड लावली होती. पंज्यावर."

"मला कळलंच नाही."

"कसं कळणार?"

महाराज आपल्या उघड्या पंज्याकडे बघत राहिले. मग उठले. "चल," ते म्हणाले. "त्यांना पाणी देऊ."

खडकाजवळ पोचले तेव्हा दादासाहेबांच्या व्याख्यानासाठी संध्याकाळचा दरबार भरला होता. सगळे माना खाली घालून बसले होते आणि नखांकडे बघत होते. खडकावर लेप बसला होता. शेजारी तित्तर सकाळचा अहवाल वाचत होता.

"काळीज: तक्रार नाही. पोट: तक्रार नाही. फुप्फुसं: तक्रार नाही."

"वा," दादासाहेब गेंडे म्हणाले. "इतकी निरोगी प्रकृती मी आजवर पाहिली नाही."

"थांबा," रणधुरंधर पुढे येत म्हणाले. "राजा मी आहे."

दरबाराने वळून पाहिलं. समोर एक रोडका सिंह, ओला, उघडा, संध्याकाळच्या वाऱ्याने थरथरणारा. अंगावर काटा.

कोणीतरी हसलं. बहुतेक तोच ससा.

"राजाला काटा येतो का रे?" एक रानडुक्कर म्हणालं.

"आणि डोळे तर बघा त्याचे. भरलेत. राजाचे कधी भरलेले पाहिलेत का?"

कोणीच पाहिले नव्हते. राजाच्या डोळ्यांत बघायची चाल नव्हती.

अप्पा कोल्हे जागेवरून उठले. एकदा त्यांनी रोडक्या सिंहाकडे बघितलं. मग खडकाला वळसा घालून लेपाच्या मागे गेले आणि खाली वाकले. त्यांना ती चीर दिसली. तिच्यातून पलीकडचं आभाळ दिसलं. अप्पा तसेच वाकून राहिले. घाबरले असावेत, पण लेप असल्याने सांगता येत नाही. मग त्यांचे डोळे चमकले. ते चिखलाचं भांडं घेऊन येसूअक्कापाशी आले.

"अक्का, तडा गेलाय," ते हळू आवाजात म्हणाले. "निरीक्षक आहात ना तुम्ही? बुजवा."

"आत कोणी नाही, अप्पा."

"मग तर फारच बरं. ताप कोणाला येणार?"

येसूअक्काने रणधुरंधरांकडे बघितलं. पहारेकऱ्यांनी त्यांना शिंगांनी मागे रेटलं होतं. अजून एक शब्द बोलले असते तर शिंगं आत गेली असती. तिने लांबूनच त्यांची कातडी पाहिली. काटा बसला होता. भीती नव्हती आता. नुसती दमणूक होती, आणि तिच्याखाली त्या पिल्लाची आठवण.

तिने चिखलाचं भांडं घेतलं. लेपाच्या खाली गेली आणि चीर बुजवायला बसली. मुलांनो, तुम्हाला वाटेल ती हरली. जरा थांबा. अर्धी चीर बुजवून झाल्यावर ती बाहेर आली, खडकासमोर उभी राहिली, मान खाली घातली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"महाराज, हत्तिणींच्या पिल्लांनी दुपारचं ओढ्यावर पाणी प्यायलं तर आपली काही तक्रार आहे का?"

लेप समोर बघत होता.

"तित्तरा," येसूअक्का म्हणाली, "लिही. तक्रार नाही."

तित्तराने अप्पांकडे बघितलं. अप्पांनी मनात हिशेब केला. तक्रार आहे म्हणावं, तर ती काळजाकडून लेखी आणावी लागली असती. अर्धी चीर अजून उघडीच होती आणि अक्काच्या हातात चिखल होता.

"लिही," अप्पा म्हणाले.

अक्काने उरलेली चीर बुजवली.

निरोप गेला आणि दुसऱ्या दुपारी चाळीस हत्तिणी ओढ्यावर आल्या. पाच पिल्लं पाण्यात लोळली. पलीकडच्या काठावर गवतात एक रोडका सिंह बसला होता. एक पिल्लू त्याच्याजवळ गेलं आणि त्याने सिंहाच्या पंज्यावर सोंड ठेवली. सिंह हलला नाही. बराच वेळ तो पंजा तिथेच ठेवून बसला.

तो सिंह अजून तिथेच राहतो. भूक लागली की त्याला भूक लागल्याचं कळतं, झोप आली की झोप आल्याचं. राग फारसा येत नाही. येसूअक्का रोज सकाळी गोचिड्या काढते. कधी अमावस्येला एक गेंडाही येतो, चोरपावलांनी.

खडकावर लेपही अजून आहे. त्याचं राज्य उत्तम चाललंय. अक्काची युक्ती अप्पांनी दुसऱ्याच दिवशी उचलली. ते रोज सकाळी खडकासमोर उभे राहतात आणि विचारतात. टेकडीचं रान माझ्या मेहुण्यांना दिलं तर महाराजांची तक्रार आहे का? तरसांवर स्वारी केली तर? त्या सशाला हाकलून दिलं तर?

तक्रार नसते.

तात्पर्य: राज्य करायला आत कोणीतरी असावंच लागतं, असं नाही. लेप मात्र दर वर्षी नवीन द्यावा. आणि मुलांनो, ज्यांना अजून अंगावर काटा येतो, त्यांनी दरबारात जाऊ नये. गेलंच, तर जाताना थोडा ओला चिखल जवळ ठेवावा.